दीड तासाचे अंतर

नकाशाचे पुस्तक उघडा आणि उत्तर अमेरिकेचे पान काढा. अगदी वर, कॅनडाच्या उत्तरेला, बर्फाळ समुद्रात पुष्कळ बेटे दिसतील. त्यांपैकी कॉर्नवॉलिस बेटावर रेझोल्यूट नावाचे गाव आहे आणि एल्समिअर बेटावर ग्रीस फियोर्ड. २०२१ च्या जनगणनेत पहिल्या गावात १८३ माणसे होती आणि दुसऱ्यात १४४. आपल्या शाळेच्या चार-पाच वर्गांत मावतील एवढीच!

या गावांमध्ये अंतर किती? रेझोल्यूट सुमारे ९५ अंश पश्चिम रेखांशावर आहे, ग्रीस फियोर्ड ८३ अंशांवर. फरक १२ अंशांचा. विषुववृत्तावर एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. पण घाईने १२ ला १११ ने गुणू नका. सोललेल्या संत्र्याच्या फोडी आठवा. मध्ये रुंद, टोकाला निमुळत्या. रेखावृत्तेही ध्रुवाकडे अशीच जवळ येतात. ७५ अंश अक्षांशावर तोच एक अंश जेमतेम २९ किलोमीटरचा होतो. सपाट नकाशात मात्र ही बेटे ताणलेली दिसतात, म्हणून तेथे पट्टी फसवते. खरे अंतर सरळ रेषेत सुमारे ३८० किलोमीटर आहे.

या गावांना जोडणारा रस्ता नाही, रेल्वे तर नाहीच. मालाचे जहाज उन्हाळ्याच्या शेवटी बर्फ वितळल्यावर येते. एरवी ये-जा ट्विन ऑटर नावाच्या छोट्या विमानाने होते. त्याचा वेग ताशी सुमारे २७० किलोमीटर. भागाकार करा: १ तास २५ मिनिटे. चढणे-उतरणे धरून दीड तास म्हणू. समोरून ताशी ५० किलोमीटरचा वारा आला, तर पाऊण-एक तास नव्हे, पण वीस मिनिटे नक्की वाढतात. आणि धुके पडले, तर विमान उडतच नाही. ग्रीस फियोर्डची धावपट्टी खडीची व आखूड आहे, जवळच डोंगर आहेत. हिवाळ्यात सुमारे तीन महिने सूर्य उगवत नाही. तेथे मोठे रुग्णालयही नाही. म्हणून आजाऱ्याचे नातेवाईक घड्याळापेक्षा आकाशाकडे जास्त पाहत असतील.

ही माणसे इतक्या दूर का राहतात? १९५३ आणि १९५५ मध्ये कॅनडाच्या सरकारने काही इन्युइट कुटुंबांना सुमारे २००० किलोमीटर दक्षिणेकडील इनुकजुआक गावातून येथे आणले. दोन वर्षांनी परत जाता येईल, असे त्यांना सांगितले होते. तो शब्द पाळला गेला नाही. सर्वांना एका ठिकाणी ठेवणार नाहीत, हेही त्यांना जहाजावर चढल्यानंतर कळले. नातलगांची ताटातूट झाली. काही रेझोल्यूटला उतरले, काही एल्समिअर बेटावर. सरकारने माफी मागितली, ती २०१० मध्ये.

त्याच वर्षी दोन्ही गावांत दगडी पुतळे उभे राहिले. ग्रीस फियोर्डला एक आई आणि तिचे मूल आहे. रेझोल्यूटला एकटा पुरुष आहे. ती रेझोल्यूटच्या दिशेने पाहते, तो ग्रीस फियोर्डच्या.