नाव ऐक, पण हत्यार तपास

बाळा, मुंबईला नागदेवी स्ट्रीटला हत्यारं घ्यायला निघालास, तर एक लक्षात ठेव. दुकानदार आधी कंपनीचं नाव सांगेल. ते ऐकून घे, पण हत्यार हातात घेऊन तपासल्याशिवाय पैसे काढू नकोस.

आम्ही नावावर डोळे मिटून विसंबायचो, कारण तेव्हा नाव आणि कारखाना एकच असायचा. बेली नावाच्या कारागिराच्या रंध्याचे हक्क स्टॅन्ले कंपनीनं १८६९ मध्ये घेतले आणि अमेरिकेतल्या न्यू ब्रिटनचे ते रंधे जगभरच्या सुतारांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरले. आता नावाचाच सौदा होतो. सिअर्स या अमेरिकी दुकान-साखळीचं १९२७ पासूनचं क्राफ्ट्समन हे हत्यारांचं नाव २०१७ मध्ये स्टॅन्ले ब्लॅक अँड डेकरकडे गेलं. शिवाय सुतार-फिटर मशिनकडे वळले, हाताचं हत्यार घरात कधीमधी लागणारी वस्तू झालं. मग किंमत उतरवायची तर काटछाट होते ती घासकामात आणि पाणी देण्यात, कारण ती गिऱ्हाइकाच्या डोळ्यांना दिसत नाही. मला याचा संताप येतो. त्या हत्यारावर ज्याचं पोट आहे, त्याचीच यात फसगत होते.

रंधा घेताना घाई करू नकोस. तो उलटा कर, तळावर लांब सरळ पट्टी ठेव आणि उजेडाकडे धर. पुढचं टोक, तोंडाचा काठ आणि मागचं टोक, तिन्ही ठिकाणी पट्टी टेकली पाहिजे. मधे कुठे जराशी पोकळी असली तर चालेल, पण तोंडाशी उजेड दिसला तर रंधा ठेवून दे. मग पातं काढून त्याखालची बैठक बघ. ती नीट तासलेली हवी, नुसता रंग फासलेली नको. पातं तिथं डुगडुगलं की लाकूड खरवडत जातं.

पटाशीच्या बाबतीत मात्र धीर धर. नव्या पटाशीची धार पहिल्याच दिवशी दुमडली, तरी लगेच बोल लावू नकोस. कारखान्यात घासताना टोक तापून तेवढ्याच भागाचं पाणी उतरलेलं असू शकतं. दोन-तीनदा दगडावर लाव. आतलं पोलाद चांगलं असेल तर धार टिकेल. तरीही दुमडलीच तर परत कर; त्यासाठी पावती जप.

पान्यावर ‘क्रोम व्हॅनेडियम’ लिहिलेलं असतं, त्यावरून पोलादाची जात कळते, पाणी कसं दिलंय ते कळत नाही. चकाकीखाली खरबरीत घडाई दडते, म्हणून जबड्याच्या आतून बोट फिरव आणि खिशात एक नट ठेवून तो बसवून बघ. पक्कड मिटून उजेडाकडे धर, टोकं आधी टेकायला हवीत. हातोडीच्या दांड्याचे रेषे लांबीभर सरळ जाऊ देत. करवतीचे दात काळे-निळे दिसले, तर ते कडक केलेले असतात. तिला कानशीनं धार लागत नाही, बोथट झाली की टाकायचीच.

पैसे कमी असतील तर पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी जा. जुना रंधा लाकडी मुठीनं हलकेच ठोकून बघ. आवाज बद्द आला तर तोंडाचे कोपरे नखानं चाचप, तडा बहुधा तिथंच सापडतो. पात्याच्या पाठीवर धारेलगत गंजाचे खड्डे नकोत. तरी पातं दुसरं मिळतं; तडकलेलं बीड फुकट दिलं तरी घेऊ नकोस.