ऊन, भिंत आणि चढती हवा

तंजावर जिल्ह्यात कुंभकोणम्‌जवळ तिरुविसनल्लूर हे गाव आहे. तंजावरच्या भोसले घराण्यातील शहाजीराजांनी १६९३ मध्ये ते विद्वानांना अग्रहार म्हणून दिले. म्हणून त्यास शहाजीराजपुरम् असेही नाव पडले. तेथील शिवयोगिनाथाच्या मंदिरात भिंतीवर अर्धवर्तुळाकार दगडी सूर्यघटी आहे. तिच्या काट्याची सावली वेळ दाखविते. सूर्य ढगाआड गेला की सावली तत्क्षणी नाहीशी होते. भिंतीलगतच्या हवेचे वर्तन मात्र निराळे असते.

उन्हाने दगड तापला म्हणजे त्यास लागून असलेला हवेचा पातळ थर तापतो, प्रसरण पावून हलका होतो व भिंतीच्या कडेने वर चढू लागतो. त्याची जागा भोवतालची थंड हवा घेते. यास नैसर्गिक अभिसरण म्हणतात. हा प्रवाह प्रत्यक्ष सूर्यावर अवलंबून नसतो. पृष्ठभाग व हवा यांच्या तापमानांत जो फरक असेल, त्यावरच तो चालतो. जाड दगडात साठलेली उष्णता सावकाश बाहेर पडते, म्हणून ढग आल्यावरही हवा बराच वेळ चढतच राहते. पत्र्याच्या भिंतीपाशी हाच प्रवाह थोड्याच मिनिटांत मंदावतो. दगड हवेहून थंड असेल, तर प्रवाह चक्क खाली उतरतो.

तापमानांतील फरक दुप्पट झाला तर काय होईल? थर संथ व अखंड असेल, तर हवेचा वेग सुमारे १.४ पटच वाढतो. परंतु भिंतीपासून वाहून नेली जाणारी उष्णता सुमारे २.४ पट होते. वेग वाढताच उबदार थर अधिक पातळ होतो व उष्णतेला कमी अंतर ओलांडावे लागते, हे त्याचे कारण होय.

पृष्ठभागाचा नुसता रंग बदलूनही हा फरक बदलता येतो. १९३० नंतरच्या दशकात पुण्यास रामदास व द्रविड या शास्त्रज्ञांनी काळ्या जमिनीवर खडूची पांढरी भुकटी पसरून पाहिली. ऊन तेच, हवा तीच. तरी पांढरी झालेली जमीन पुष्कळच कमी तापली. अशा जमिनीवरून चढणाऱ्या हवेचा जोरही अर्थातच उतरतो. उन्हाळ्यापूर्वी गच्चीला चुना देण्याचा लाभ यावरून ध्यानी येईल.

वारा पडलेला असताना, सूर्यास्तानंतर पश्चिमेकडील दगडी भिंतीशी पेटलेली उदबत्ती धरावी. धूर भिंतीस बिलगून वर जाताना दिसतो. पहाटे, भिंत पुरती निवल्यावर, तीच उदबत्ती पुन्हा तेथे धरून धूर कोणीकडे वळतो ते पाहावे.