समजले तरच संमती
(अभ्यासपाठ : आरोग्य-संशोधनाची माहिती पाड्यावर कशी सांगावी)



आदिवासी भागात रक्ततपासणी, वजन-उंचीची मोजणी किंवा घरोघरची प्रश्नावली घेऊन संशोधकांची पथके येतात. पाड्यावर आपली ओळख असते, म्हणून ती मंडळीच्या स्वयंसेवकांची मदत मागतात. अशा वेळी लोकांना काय सांगायचे, पत्रक कसे असावे आणि कोठे थांबायचे, हे आपल्याला ठाऊक हवे.

याचे महत्त्व किती?

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात, ग्रँड कॅन्यनच्या दरीत, हवासुपाई ही लहानशी आदिवासी जमात राहते. त्यांच्यात मधुमेह फार. १९९० पासून विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यांचे रक्त घेतले. ते मधुमेहासाठी आहे, अशीच लोकांची समजूत होती. पुढे कळले की तेच नमुने स्किझोफ्रेनियाच्या आणि जमातीचे पूर्वज कोठून आले याच्या अभ्यासालाही वापरले गेले. संमतीपत्रातले शब्द मोघम होते. प्रकरण न्यायालयात गेले. २०१० मध्ये तडजोड होऊन ७ लाख डॉलर भरपाई आणि उरलेले नमुने जमातीला परत मिळाले.

आपल्याकडे २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस मुलींना देऊन अभ्यास सुरू झाला. वसतिगृहात राहणाऱ्या अनेक मुलींच्या संमतीपत्रांवर आईवडिलांऐवजी वसतिगृहाच्या प्रमुखांच्या सह्या होत्या. २०१० मध्ये अभ्यास थांबवावा लागला आणि २०१३ मध्ये संसदीय समितीने त्यावर कडक टीका केली. ती लस आज जगभर दिली जाते. मात्र सांगण्यात आणि विचारण्यात कसूर झाली की चांगल्या औषधावरचाही विश्वास उडतो.

एक उदाहरण घेऊ : सिकलसेल

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार भिल्ल, पावरा, गोंड, माडिया अशा अनेक जमातींत आढळतो. १ जुलै २०२३ रोजी त्याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. त्यामुळे तपासण्या वाढल्या आहेत. समजा, या आजारावरच्या अभ्यासाची माहिती आपल्याला सांगायची आहे. मग पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. भाषा. ‘सोपी मराठी’ पुरत नाही. गोंडी ही द्राविडी कुळातली, तर कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. मजकूर त्या बोलीत एकाने करावा आणि मूळ कागद न पाहिलेल्या दुसऱ्याने तो पुन्हा मराठीत आणावा. अर्थ बदलला असेल तर तिथेच कळतो. बोली लिहून वाचायची सवय नसेल तर ध्वनिमुद्रण करून मोबाइलवर ऐकवावे.

२. माप. ‘५ मिलिलीटर रक्त’ म्हणण्याऐवजी लहान चमचा दाखवावा आणि ‘एवढे’ म्हणावे. ‘बाटलीभर रक्त नेतात’ ही भीती त्याने बरीच ओसरते.

३. चित्र. मुख्य चित्रात पूर्ण माणूस आणि ओळखीचे घर, कपडे असावेत. नुसता कापलेला हात किंवा सुटे काळीज पाहून लोक बिचकतात. रक्तपेशी विळ्याच्या आकाराची होते हे दाखवताना, ती डोळ्यांना दिसत नाही इतकी बारीक असते, हेही सांगावे. बाण, फुली, डावीकडून उजवीकडे जाणारा क्रम ही शाळेत शिकलेली खूण आहे. सर्वांना ती उमजेल असे धरू नये.

४. शक्यता. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. दोन वाट्या घ्या. प्रत्येकीत एक पांढरा व एक लाल वालाचा दाणा ठेवा. न बघता दोन्हींतून एकेक उचला. दोन्ही लाल आले तर आजार, एकच लाल आला तर बाळ वाहक. दाणे परत टाकून पुन्हा उचला. पहिले मूल आजारी झाले म्हणून पुढची तिन्ही सुटली, असे नसते, हे आपोआप दिसते. वाहक म्हणजे आजारी नव्हे, हेही ठासून सांगा. नाहीतर मुलींच्या सोयरिकी मोडतात.

५. संशोधन म्हणजे उपचार नव्हे. यातून मला बरे वाटेलच असे नाही; रक्त कशासाठी वापरणार, किती दिवस ठेवणार, निकाल मला कोण सांगणार? या प्रश्नांची उत्तरे पत्रकावर असलीच पाहिजेत. नावे गुप्त राहतील हे सांगावे आणि पाळावे.

६. उलटून विचारणे. ‘समजले का?’ असे विचारले की मान डोलते. त्याऐवजी म्हणावे, ‘मावशी, घरी गेल्यावर दादांना काय सांगाल, ते मला सांगा.’ सांगता आले नाही तर आपले सांगणे अपुरे पडले, असे समजून पुन्हा सांगावे.

नियम काय म्हणतात?

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार माहिती सहभागीला समजेल अशा भाषेत द्यावी लागते. वाचता न येणाऱ्या व्यक्तीच्या वेळी निःपक्ष साक्षीदार हजर हवा. गावप्रमुखाची परवानगी घेतली तरी प्रत्येकाची स्वतःची संमती लागतेच. कोणीही कधीही बाहेर पडू शकतो आणि त्यामुळे त्याचे नेहमीचे उपचार अडू नयेत.

इथे आपली जबाबदारी नाजूक आहे. शाळेची फी, धान्य, दवाखान्याची गाडी अशा मदतीमुळे लोक आपल्याला ‘नाही’ म्हणायला संकोचतात. म्हणून समजावण्याचे काम आपण जरूर करावे, पण अंगठा घेताना बाजूला व्हावे. साक्षीदारही आपण होऊ नये. ‘नाही’ म्हणणाऱ्या घरी दुसऱ्या दिवशी नेहमीसारखेच चहाला जावे. त्यांच्या ‘हो’ला किंमत येते ती त्यामुळेच.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या भागात कोणत्या बोली आहेत? त्यांपैकी कोणती आपल्या गटात कोणालाच येत नाही?
२. दवाखान्यातले एखादे पत्रक घेऊन पाड्यावरच्या तिघांना दाखवा. त्यांना चित्रात काय दिसले?
३. आपल्याला ‘नाही’ म्हणणे लोकांना सोपे जावे यासाठी आपण काय बदलू शकतो?