पणजोबांचा शोध… व्हाया तहसील कचेरी

एक सोपा प्रश्न. तुमच्या पणजोबांचं नाव काय? बरं, आणि पणजीचं? मेसच्या टेबलावर मी हे विचारलं तेव्हा पणजोबांचं नाव निम्म्या जणांना आलं. पणजीचं मात्र एकीलाच आलं!

ज्यांना नावं आली ते बहुतेक कास्ट व्हॅलिडिटीची फाईल केलेले. ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा वाडवडिलांचा पुरावा शोधावा लागतो. माझ्या ॲडमिशनच्या वेळी आमच्याही घरी हीच धावपळ झाली. व्हॅलिडिटी मिळाली, पण मला त्या जुन्या कागदांचा नाद लागला तो लागलाच. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे मराठी हस्ताक्षर वाचायची मला सवय नव्हती. पण अक्षरं लावत लावत जमतं. तर घ्या, जर्नलच्या पद्धतीनेच लिहिते.

साहित्य : वही, पेन्सिल, ओळखपत्र, एसटीचं भाडं आणि भरपूर पेशन्स.

कृती १. सुरुवात घरापासून. आजी-आजोबांना नावं, गावं, लग्नं विचारा. मूळ गाव आणि त्या वेळचा तालुका पक्का करा, कारण सगळं दप्तर गावानुसार लावलेलं असतं.

कृती २. शाळा. झेडपीच्या जुन्या शाळेत जनरल रजिस्टर असतं. त्यात नाव, जात, जन्मतारीख सापडते. मात्र जन्मतारखेवर लगेच विश्वास ठेवू नका. आपल्याकडे जुन्या पिढीतल्या कितीतरी जणांचा वाढदिवस १ जूनला येतो, कारण तारीख माहीत नसली की गुरुजी तीच टाकायचे!

कृती ३. गाव नमुना नंबर १४. ही गावची जुनी जन्म-मृत्यूची नोंद, म्हणजेच कोतवाल बुक. ती तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये मिळते. अर्ज करून नक्कल मागायची. बाळाचं बारसं व्हायच्या आधीच नोंद झालेली असते, म्हणून पुष्कळदा नुसतं 'मुलगा' किंवा 'मुलगी' लिहिलेलं आढळतं. बापाच्या नावावरून जुळवायचं.

कृती ४. सातबारा आणि फेरफार. जमीन कुणाकडून कुणाकडे आणि का गेली, ते फेरफारात, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये कळतं. बऱ्याच जिल्ह्यांतले जुने फेरफार स्कॅन झाले असून 'आपले अभिलेख' पोर्टलवर मिळतात. मराठवाड्यात १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक आणि विदर्भात त्याच वर्षांचा अधिकार अभिलेख उपयोगी पडतो. थोडे शब्द पाठ करा. 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता. आणि 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, एमबीए न करता झालेला!

कृती ५. त्याही मागे जायचं तर मोडी लिपी हवी. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर आहे, त्यातले बहुतेक कागद मोडीतच आहेत. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्याही बघा. गाव आणि आडनाव सांगितलं की ते वही काढतात. त्यात क्वचित आपल्याच पूर्वजाचं हस्ताक्षर दिसतं.

प्रिकॉशन : एका रीडिंगवर निष्कर्ष काढायचा नाही. एका गावात एकाच नावाचे दोघे सहज असतात. दोन वेगवेगळ्या कागदांत जुळलं तरच वंशावळीत शाईने लिहा, तोपर्यंत पेन्सिल.

निरीक्षण : पणजोबांच्या मृत्यूनंतरचा १९६१ चा वारसाचा फेरफार मला मिळाला. आजोबा आणि त्यांचे दोन भाऊ कब्जेदार म्हणून लागले होते. त्यांच्या बहिणीचं नाव मात्र 'इतर हक्क' या रकान्यात होतं. हिंदू वारसा कायदा १९५६ सालीच आलेला, म्हणजे मुलगीही वारस होती. पुढे १९६४ चा फेरफार सापडला. तिने 'राजीखुशीने' हक्क सोडला म्हणून नाव कमी केलं होतं. खाली लिहिलं होतं, निशाणी डावा अंगठा.

मी तो कागद आजोबांपुढे ठेवला. ते म्हणाले, "तशी रीतच होती, बाळा." मग बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "तिची दोन पोरं तेव्हा पैशावाचून शाळेतून काढली होती. आम्हाला ठाऊक होतं."

म्हणून कागद मिळाला की पुन्हा कृती १ कडे या. तो दाखवून परत विचारा. कोरं विचारलं तर माणसं 'सगळं छान होतं' एवढंच सांगतात. कागद समोर असला की खरं आठवतं.

आमच्या वंशावळीत आता त्या आजीचं नाव भावांच्याच ओळीत आहे. पणजीचंही आहे. काकांनी 'मुलींची नावं कशाला?' असं विचारलं, तर आजोबाच म्हणाले, "राहू दे."

महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नावही लागतं. म्हणजे आपल्या पणतवंडांना सोपं जाईल. पण आपल्या पणज्यांचं काय? त्यांना आपल्यालाच शोधायचंय. सबमिशन संपलं की सुट्टीत गावी जालच, तेव्हा एक दिवस तहसील कचेरीसाठी काढा. आणि आजी-आजोबा असतील तर आज रात्रीच मेसनंतर फोन लावा. रेकॉर्ड रूम पुढच्या वर्षीही तिथेच असेल!