परसातील मधपेटी : सुपा परिसरात सुरुवात करताना



एखाद्या आदिवासी कुटुंबाला मधपेट्या घेऊन द्याव्यात असे मनात आले, की पहिला प्रश्न येतो : किती? आमचे उत्तर, दोन. एक वसाहत अशक्त झाली तर दुसरीतील अंडी-अळ्यांची एक चौकट तिला देऊन सावरता येते. दहा पेट्या एकदम दिल्या तर फोटो चांगला निघतो, पण उन्हाळ्यात रिकामी लाकडे उरण्याची भीती असते.

अकोले तालुक्यातील ठाकर व महादेव कोळी बांधवांना मधमाशी नवीन नाही. आग्या कड्यावर, फुलोरी झुडपात, सातेरी झाडाच्या ढोलीत हे तेथील मुलांनाही ठाऊक असते. अडचण मध काढण्याच्या जुन्या रीतीत आहे. चूड पेटवून माश्या जाळल्या आणि पोळे पिळले की मधात अळ्यांचा रस उतरतो, मध लवकर आंबतो आणि वसाहत संपते. पेटीत पोळे न मोडता मध मिळतो. मात्र आग्या व फुलोरी उघड्यावर एकच पोळे बांधतात; त्या पेटीत राहत नाहीत. राहतात त्या सातेरी आणि परदेशी मेलीफेरा. मेलीफेरा मध जास्त देते, पण फुलोऱ्यामागे पेट्या ट्रकने हलवाव्या लागतात. परसात सातेरीच बरी. तिच्याकडून वर्षाला पाच ते आठ किलो मध मिळाला तरी समाधान मानावे.

सुपा म्हणजे अकोले नव्हे. येथे पाऊस कमी, माळ उघडा. म्हणून पेटी आणण्याआधी भोवतालचे एक-दीड किलोमीटर पायी फिरून फुले मोजावीत. पावसाळ्यात बाभूळ व बाजरीचा पराग, पुढे बोर, रब्बीत धने आणि बियाण्याचा कांदा, मग कडुलिंब, चिंच. कांद्याचे बी धरणाऱ्या शेतकऱ्याला माश्या हव्याच असतात, कारण परागीभवनाशिवाय गोंड्यात बी भरत नाही. त्याच्याशी आधी बोलावे. डाळिंबवाल्याशीही बोलावे, पण वेगळ्या कारणाने : औषध फवारायचेच असेल तर माश्या घरी परतल्यावर, संध्याकाळी फवारा, एवढी विनंती. हा शब्द मिळाला नाही तर तेथे पेटी ठेवू नये.

पावसाळा सरल्यावर सुरुवात करावी. पेटी सावलीत, तोंड पूर्वेकडे, घोडीचे पाय पाण्याच्या वाट्यांत. नाहीतर मुंग्या सोडत नाहीत. जवळ उथळ भांड्यात खडे टाकून पाणी ठेवावे. दर आठ-दहा दिवसांनी चौकटी उचलून अंडी दिसतात का पाहावे. अंडी असली म्हणजे राणी आहे. तिला शोधत बसू नये. तळाचा कचरा झाडावा, कारण मेणकिडा तेथूनच शिरतो.

खरी कसोटी मार्च ते जून. फुले नाहीत, ऊन कडक, आणि सातेरीला घर सोडून उडून जायला वेळ लागत नाही. पेटीवर ओले गोणपाट टाकावे आणि साखर व पाणी समप्रमाणात घेऊन केलेला पाक संध्याकाळी आत ठेवावा. मधाच्या हंगामात मात्र पाक देऊ नये, नाहीतर तोच मध म्हणून बाटलीत उतरेल.

मध वरच्या कोठीतूनच काढावा, खालचा माश्यांचा. चौकटीचा तीन-चतुर्थांश भाग मेणाने बंद झाला की मध पिकला. थोडा धूर द्यावा, माश्या हलक्या हाताने झटकाव्यात, गरम पाण्यातल्या सुरीने झाकणे कापावीत आणि यंत्रात चौकट फिरवावी. रिकामे पोळे परत पेटीत. एक किलो मेण बनवायला माश्यांचा सहा ते आठ किलो मध खर्ची पडतो असे मानतात, तेव्हा तयार पोळे जपणे म्हणजे पुढचा मध जपणेच. आणखी एक : बाळाला मध चाटवण्याची आपल्याकडची रीत प्रेमाची असली, तरी वर्षाखालील बाळाला मध मुळीच देऊ नये.

शिक्षणाची सोय दूर नाही. केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२पासून पुण्यात आहे. महाबळेश्वरला राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय आहे. तेथूनच जवळचे मांघर २०२२मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. देणगीदारांनी पेटीच्या किमतीबरोबर प्रशिक्षणाचा खर्च आणि पहिल्या उन्हाळ्याच्या साखरेचे पैसेही धरावेत.