दलदलीतील पाइन : उपजाती कशी ओळखावी?

उद्दिष्ट : झाडाचे कोणते लक्षण त्याला बीजापासून लाभले व कोणते भूमीने त्याच्यावर लादले, हा भेद विद्यार्थ्यांना स्पष्ट करणे.

विषयप्रतिपादन : उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, अलास्काचा आग्नेय भाग व ब्रिटिश कोलंबिया या प्रदेशांत स्फॅग्नम नावाचे शेवाळ शतकानुशतके साठून बनलेल्या दलदली आहेत. तेथील पाणी आम्लधर्मी असते. मुळांना हवा पुरत नाही व पोषक द्रव्ये अत्यल्प मिळतात. अशा भूमीत पायनस कॉन्टॉर्टा या जातीचा पाइन वृक्ष तग धरून राहतो. मात्र तो खुरटा व वेडावाकडा वाढतो; शंभर वर्षांचे झाडही कित्येकदा तीनचार मीटरांपलीकडे जात नाही.

या जातीच्या तीन प्रमुख उपजाती आहेत : किनाऱ्यावरची कॉन्टॉर्टा, रॉकी पर्वताकडील लॅटिफोलिया आणि सिएरा नेवाडा पर्वतातील मरेयाना. दलदलीतील खुरटे झाड पाहून 'ही बुटकी उपजाती' असा निर्णय करण्याचा मोह होतो. तो टाळावा. चांगल्या जमिनीत त्याच बीजाचे झाड पुष्कळ उंच झाले असते. म्हणून उंची व खोडाचा बाक बाजूस ठेवून पुढील लक्षणे क्रमाने पाहावीत.

१. पाने : सुईसारखी पाने दोन-दोनांच्या जुडग्यांत असतात. हे लक्षण सर्व उपजातींत समान असल्याने त्यावरून केवळ जातीचा शोध सुरू होतो. हिमालयातील चीड वृक्षाच्या जुडग्यात तीन पाने असतात. कॉन्टॉर्टाची पाने गर्द हिरवी व बहुधा आखूड असतात. लॅटिफोलियाची काहीशी लांब व पिवळसर हिरवी असतात.

२. शंकू : हे सर्वांत उपयुक्त लक्षण होय; मात्र शंकू पक्व झालेले असावेत. लॅटिफोलियाचे कठीण, एका बाजूस फुगीर शंकू पुष्कळदा राळेने बंद राहतात व वणव्याची आच लागल्यावर उघडतात. कॉन्टॉर्टाचे शंकूही तिरकस असतात, परंतु बहुतेक पक्व होताच उघडतात व फांदीवरच राहतात. मरेयानाचे शंकू हलके व समतोल असून उघडल्यावर लवकर गळतात.

३. साल : कॉन्टॉर्टाची साल जाड व भेगाळलेली, तर इतर दोहोंची पातळ व खवल्यांची असते.

४. स्थान : प्रदेशाची नोंद अवश्य करावी. जेथे दोन उपजातींचे प्रदेश भिडतात तेथे संमिश्र लक्षणांची झाडे आढळतात. म्हणून एका झाडावर विसंबू नये. अनेक झाडांचे नमुने घ्यावेत.

महत्त्व : हा भेद केवळ नावापुरता नाही. विसाव्या शतकात ब्रिटन व आयर्लंडमधील पीटच्या, म्हणजे कुजक्या शेवाळाच्या, जमिनीवर या पाइनची लागवड झाली. किनाऱ्याकडील बियांची झाडे जोमाने वाढली, पण पुष्कळांचे बुंधे वाकले. आतील भागाकडील बियांची झाडे अधिक सरळ, पण सावकाश वाढली. जमीन एकच असता दिसलेला हा फरक बीजाचा होता. बी निवडताना झालेली चूक लाकूड तोडण्याच्या वेळी, म्हणजे अनेक दशकांनी, उघड होते.

वर्गातील उपक्रम : पाइन आपल्याकडे सहसा दिसत नाही. कोकण किनाऱ्यावरील सुरू पाइनसारखा दिसला तरी तो पाइन नव्हे. त्याच्या 'सुया' म्हणजे पेरे असलेल्या बारीक हिरव्या डहाळ्या होत. त्याऐवजी भिंतीच्या फटीत उगवलेला पिंपळ व पारावरचा पिंपळ मुलांना दाखवावा. दोहोंची उंची, पानांचा आकार, पानांचे टोक व शिरा यांची नोंद दोन रकान्यांत करवून घ्यावी. कोणती लक्षणे बदलली व कोणती कायम राहिली, हे मुलांनी स्वतः सांगावे. वाढ खुंटलेली दिसताच बीजाला दोष देऊ नये, हा विवेक विद्यार्थ्यांविषयी मत बनविताना शिक्षकांनाही उपयोगी पडेल.

प्रश्न : भिंतीतल्या पिंपळाचे रोप अलगद काढून मोकळ्या जमिनीत लावल्यास काय होईल? मुलांनी आधी अंदाज लिहावा. मग रोप लावून वर्षभर दरमहा त्याची उंची मोजावी.