भाजल्याची इजा आणि नुकसानभरपाईचा न्याय

३ मार्च १९८९ रोजी जमशेदपूर येथे जमशेटजी टाटा यांच्या जन्माच्या दीडशेव्या वर्षानिमित्त भरलेल्या समारंभात मंडपाला आग लागली. साठ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत २६ मुले आणि २५ स्त्रिया होत्या. आणखी ११३ जण जखमी झाले. आपली दोन मुले व आईवडील या आगीत गमावलेल्या एका स्त्रीने सर्वोच्च न्यायालयाकडे दाद मागितली. १९९३ च्या डिसेंबरमध्ये न्यायालयाने भरपाई ठरविण्याचे काम माजी सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्याकडे सोपविले. अखेरचा निर्णय मात्र १६ ऑगस्ट २००१ रोजी झाला. तोवर बारा वर्षे उलटून गेली होती.

या निर्णयातील एक भाग विशेष महत्त्वाचा आहे. मृत गृहिणींच्या सेवेचे मूल्य प्रथम वर्षाला १२,००० रुपये धरण्यात आले होते. ३४ ते ५९ या वयोगटासाठी न्यायालयाने ते ३६,००० रुपये केले. जिला कोणी पगार देत नाही तिच्या श्रमालाही मोल असते आणि ते कमी लेखता येत नाही, हे तत्त्व त्यातून स्पष्ट झाले. वेतनाच्या नोंदीत न दिसणारी हानीही न्यायालयाने मोजली पाहिजे, ही दृष्टी भाजलेल्या माणसाच्या दाव्यात तर पदोपदी लागते.

टक्केवारीचा घोटाळा

रुग्णालयाच्या कागदावर ‘तीस टक्के भाजले’ अशी नोंद असते. ही टक्केवारी कशाची, हे दावा करणाऱ्याने प्रथम नीट समजून घ्यावयास हवे. प्रौढ माणसाच्या शरीराचे वैद्यकीय सोयीसाठी भाग पाडलेले असतात: डोके व मान ९ टक्के, प्रत्येक हात ९, प्रत्येक पाय १८, धडाची पुढची बाजू १८ आणि पाठीकडची १८, उरलेला एक टक्का जननेंद्रियाच्या भागाचा. शिरेवाटे किती द्रव द्यावयाचा आणि जिवाला धोका किती, हे या हिशेबावरून डॉक्टर ठरवितात. माणूस पुढे किती काम करू शकेल, याचे उत्तर त्यात नसते.

बोटांसह एका हाताचा तळवा म्हणजे शरीराचा जेमतेम एक टक्का. परंतु तळवा खोल भाजला, व्रण भरताना कातडी आकसली आणि बोटे आत वळली, तर शिंप्याची उपजीविका संपली. उलट, पाठीवर पसरलेली मोठी जखम बरी झाल्यावर तोच शिंपी पुन्हा यंत्रावर बसू शकेल. चेहऱ्याचे तर आणखी निराळे. हातपाय धड असूनही विद्रूप झालेल्या माणसाला काम नाकारले जाते. कामगार नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत चेहऱ्याची अतितीव्र विद्रूपता ही शंभर टक्के कमाईच्या हानीबरोबर बसविलेली होती, ती याच कारणास्तव.

२०१० साली सर्वोच्च न्यायालयाने हा भेद स्पष्ट शब्दांत मांडला. अवयवाचे अपंगत्व, संपूर्ण शरीराचे अपंगत्व आणि कमाईच्या शक्तीत झालेली घट या तीन वेगळ्या गोष्टी होत. डावा हात गमावलेला सुतार किंवा वाहनचालक जवळजवळ सर्वस्वी बेकार होईल. सरकारी कारकुनाची नोकरी कदाचित टिकेल.

हिशेब कसा होतो

कल्पना करा की बत्तीस वर्षांच्या एका शिंप्याची मासिक प्राप्ती १०,००० रुपये आहे. डॉक्टरांनी संपूर्ण शरीराचे अपंगत्व ४० टक्के ठरविले. ३१ ते ३५ या वयासाठी, २००९ च्या निर्णयानुसार, मोटार अपघाताच्या दाव्यांत १६ हा गुणक वापरला जातो. तोच इतर दाव्यांतही मार्गदर्शक मानतात. चाळीस टक्के घट धरल्यास वर्षाचे ४८,००० आणि एकूण ७,६८,००० रुपये होतात. परंतु त्याच्या धंद्याचा विचार करून घट साठ टक्के ठरली, तर रक्कम ११,५२,००० रुपये होते. एका आकड्याच्या समजुतीने ३,८४,००० रुपयांचा फरक पडतो. डॉक्टर अपंगत्व सांगतात. कमाई किती बुडाली हे न्यायालय ठरविते, आणि त्यासाठी पुरावा दावेदारानेच द्यावयाचा असतो.

याखेरीज झालेला औषधोपचार, प्रवास व पोषक आहार, उपचारकाळात बुडालेली मिळकत, पुढील उपचारांचा खर्च, वेदना व मानसिक आघात, आणि जीवनातील सुखांना मुकणे, या बाबी स्वतंत्रपणे मागाव्या लागतात. भाजलेल्या व्यक्तीच्या बाबतीत पुढील उपचारांची बाब विशेष जड असते. मूल वाढते, पण त्याच्या अंगावरचा व्रण त्याच्याबरोबर वाढत नाही. म्हणून शस्त्रक्रिया वारंवार करावी लागते. त्वचारोपणानंतर घट्ट दाबवस्त्रे दीर्घकाळ वापरावी लागतात. दावा मिटविण्याच्या घाईत हा खर्च विसरला गेला, तर नंतर तो मागता येणे फार कठीण.

दोष कोणाचा

सामान्यतः समोरच्याचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो. तथापि तुटलेल्या वीजवाहिनीसारख्या प्रकरणी, धोकादायक वस्तू हाताळणाऱ्याने काळजी घेतली होती असे सांगून सुटता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली म्हटले. दिल्लीतील वायुगळतीनंतर १९८६ साली दिलेल्या निर्णयात घातक उद्योगांचे दायित्व तर कोणत्याही अपवादाविना मानले गेले. सदोष वस्तूमुळे इजा झाल्यास ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते.

पैशांअभावी दावा सोडून द्यावा लागू नये, अशी तरतूद १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात आहे. स्त्रिया, मुले, औद्योगिक कामगार व सामूहिक आपत्तीचे बळी यांना मोफत विधी साहाय्याचा हक्क आहे. त्याची वाट पाहत असतानाही घरच्यांनी काही गोष्टी करून ठेवाव्यात: रुग्णालयातून सुटतानाचा कागद, औषधांच्या पावत्या, पोलिसांकडील नोंद, जखमांची तारीखवार छायाचित्रे आणि अपघातापूर्वीच्या कामाचा व मिळकतीचा पुरावा. व्रण हळूहळू फिकट होतात, साक्षीदार गाव सोडून जातात, आणि न्यायालयात निकाल लागेपर्यंत वर्षे लोटतात. त्या दिवशी त्या माणसाला काय सोसावे लागले, हे सांगण्यास मग हे कागदच उरतात.